लापॉइंट घराण्याचा मूळपुरुष: एका वंशावळीच्या दुरुस्तीचं प्रकरण

या प्रकरणातलं आडनाव खरं आहे. ते कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात आणि अमेरिकेत हजारो घरांत आहे, त्यामुळे त्यावरून कुणी ओळखू येणार नाही. माणसांची ओळख, खेड्यातल्या पॅरिशची (एका चर्चखालच्या वस्तीची) नावं आणि एकोणिसाव्या शतकातल्या काही तारखा मात्र बदलल्या किंवा गाळल्या आहेत.

पार्श्वभूमी

लापॉइंट कुटुंब मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलच्या आसपास चार पिढ्या राहतंय. घरातले वडीलधारे गृहस्थ ऐंशी ओलांडलेले. त्यांचे आजोबा जोसेफ कॅनडातून कापडगिरणीत कामाला आले, एवढं सगळ्यांना माहीत होतं. 1840 ते 1930 या काळात साधारण नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन माणसं क्यूबेक सोडून अमेरिकेत गेली, आणि त्यातली पुष्कळशी न्यू इंग्लंडच्या गिरणीगावांत. लॉवेलमध्ये त्यांच्या वस्तीला 'लिटल कॅनडा' म्हणत. जोसेफ त्याच वस्तीतला.

घरातल्या मुलीने बऱ्याच वर्षांपूर्वी वंशावळ तयार केली होती. इंटरनेटवरची इतरांची झाडं जोडत ती मॉन्ट्रियलच्या पिएर देझोतेल ऊर्फ लाप्वाँत (लापॉइंटचाच फ्रेंच उच्चार) या सतराव्या शतकातल्या वसाहतकऱ्यापर्यंत पोहोचली. ती वंशावळ छापून, चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलेली. वडिलांना घेऊन देझोतेलच्या फ्रान्समधल्या मूळ गावी जायचं ठरलं, आगाऊ पैसेही भरले.

शंका काढली ती सुनेने. ती मूळची नाशिकची. तिच्या माहेरची नामावळी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे आहे. कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, कुणाच्या सहीने नोंद झाली, हे तिने लहानपणी वहीत पाहिलेलं. तिने नणंदेला एवढंच विचारलं, "ताई, जोसेफ आजोबांचा बाप्तिस्मा झाल्याचा कागद तुम्ही स्वतः पाहिलात का?" उत्तर होतं, नाही, दुसऱ्याच्या झाडातून घेतलाय. तिथून हे काम माझ्याकडे आलं.

अडचण नेमकी काय होती

जोसेफचे अमेरिकेतले सरकारी कागद भरपूर होते. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची राज्यभर नोंद 1841 पासून आहे. 1884 च्या विवाहनोंदीत वडील 'पीटर लापॉइंट', आई 'मेरी किंग', जन्म 'कॅनडा'. 1900 च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि साल विचारलं होतं, तिथे फेब्रुवारी 1859 लिहिलंय.

नणंदेने याच दोन कागदांवरून पुढची उडी घेतली होती. पीटर म्हणजे पिएर, मेरी म्हणजे मारी, किंग म्हणजे रॉय. (रॉयचा फ्रेंच उच्चार 'र्वा', अर्थ राजा. सीमा ओलांडली की असे कित्येक रॉय किंग झाले आणि ब्वाव्हेर झाले ग्रीनवुड.) इथवर काहीच चूक नाही. मॉन्ट्रियलच्या पूर्वेकडच्या एका पॅरिशमध्ये पिएर लाप्वाँत आणि मारी रॉय हे जोडपं सापडलं, त्यांना फेब्रुवारी 1859 मध्ये जोसेफ नावाचा मुलगाही झालेला. सगळं जुळलं.

जुळलं, कारण या नावांनी काहीच सिद्ध होत नाही. त्यासाठी तिथल्या नावांची रीत समजून घ्यावी लागते, आणि माझ्या मते हे सारं प्रकरण त्या रीतीतच अडकलेलं होतं.

नावांची रीत

फ्रेंच वसाहतीत, म्हणजे नूव्हेल फ्रान्समध्ये, एका कुटुंबाला दोन आडनावं असणं अगदी सर्रास होतं. मूळ आडनाव, मग 'दी', मग दुसरं नाव. 'दी'ला आपला 'ऊर्फ' चपखल बसतो, म्हणून पुढे तोच वापरतो. हे दुसरं नाव कधी सैन्यात मिळालेलं असे. 1665 मध्ये कारिन्याँ-सालिएर पलटणीचे सुमारे बाराशे सैनिक आले, त्यातले चारएकशे तिथेच राहिले, आणि त्यांच्याबरोबर ला फ्लर, सांसूसी, जोलिकर अशी लष्करी टोपणनावं गावागावांत रुजली. कधी ते नाव जागेवरून येई, कधी एकाच गावात एकाच नावाची चार घरं झाली म्हणून वेगळेपणासाठी. महत्त्वाची गोष्ट ही की दुसरं नाव एका घराण्याची मक्तेदारी नसे. लाप्वाँत हे उपनाव लावणारी, एकमेकांशी पुरुषवंशाने काहीही संबंध नसलेली अनेक घराणी आहेत. मॉन्ट्रियलचे देझोतेल ऊर्फ लाप्वाँत हे एक, क्यूबेक शहराजवळच्या ऑर्लेआँ बेटावरचे ओदे ऊर्फ लाप्वाँत हे दुसरं. पिढ्या गेल्या तशी काही शाखांनी मूळ नाव टाकलं, काहींनी उपनाव टाकलं. सख्ख्या भावांनी वेगवेगळं ठेवल्याचीही उदाहरणं आहेत.

पहिल्या नावांचं दुखणं आणखी वेगळं. एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्म्याच्या वेळी जवळजवळ प्रत्येक मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी लागे. खरं हाक मारायचं नाव त्यानंतरचं, बहुधा शेवटचं. ते नाव पुष्कळदा धर्मपिता किंवा धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारी माणसं) देत, आणि पहिल्या मुलांसाठी या जागी आजी-आजोबा, काका-मामा असत. लहानपणी मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव पुन्हा देण्याचीही पद्धत होती. तेव्हा 'मेरी किंग' या शब्दांतून हाती काय लागतं? कुठलीतरी रॉय घराण्यातली बाई. बस.

एक रीत मात्र संशोधकाच्या बाजूची आहे. चर्चच्या आणि नोटरीच्या कागदांत बाई जन्मभर माहेरच्या आडनावाने ओळखली जाई. लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, अगदी दफनाची नोंदसुद्धा 'अमुक रॉय, तमुक लाप्वाँतची पत्नी' अशी. आपल्याकडच्या जुन्या कागदांत पणजीचं माहेर शोधताना जीव मेटाकुटीला येतो. क्यूबेकमध्ये ते आपसूक समोर येतं. शिवाय लग्नाच्या नोंदीत वर-वधू दोघांच्याही आईवडिलांची नावं असल्यामुळे एका लग्नावरून मागच्या लग्नावर, अशी साखळी ओढत जाता येतं. 1667 च्या फ्रेंच फर्मानाने या नोंदवह्यांच्या दोन प्रती ठेवायला लावल्या, एक पॅरिशमध्ये आणि एक न्यायालयात. एक जळली तरी दुसरी राहते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय होता आहे ती वंशावळ मान्य करून सहलीला जाणं. ऐकायला विचित्र वाटेल, पण वडिलांचं वय पाहता घरातल्या दोघांचं मत असंच होतं. "त्यांना आनंद मिळाला की झालं," हा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता.

दुसरा पर्याय डीएनएचा. वडिलांची चाचणी आधीच झालेली होती आणि तिच्यात देझोतेल वंशातले पुष्कळ नातेवाईक दिसत होते. नणंदेचा सगळा भर त्यावर. अडचण अशी की आजचे लाखो फ्रेंच कॅनेडियन लोक काही हजार मूळ वसाहतकऱ्यांपासून आलेले. शतकानुशतकं त्यांच्यातच सोयरिकी झाल्या. साध्या चाचणीत त्यामुळे सगळेच सगळ्यांचे दूरचे नातलग निघतात आणि प्रत्यक्षापेक्षा जवळचे भासतात. वडिलांच्या यादीत देझोतेल होते तसे ओदेही होते. यातून मार्ग काढायचा तर फक्त पुरुषवंशाने उतरणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी हवी, आणि तुलनेसाठी दोन्ही घराण्यांचे कागदोपत्री पक्के वंशजही.

तिसरा पर्याय: जोसेफपासून कागद नव्याने लावणं. वेळखाऊ, आणि निकाल काय येईल याची हमी नाही.

तिसरा घेतला, पण एक अट घालून. सुनेने आग्रह धरला की नणंदेला बाजूला ठेवून काही करायचं नाही. प्रत्येक कागद आधी तिला दाखवायचा, तिच्या शंका लिहून घ्यायच्या. हा निर्णय संशोधनाच्या दृष्टीने गौण वाटतो, पण तो नसता तर पुढचा निष्कर्ष त्या घरात कुणी स्वीकारला नसता. सहलीचे पैसे परत मिळण्याची मुदत पाहून तेवढ्यात काय होतंय ते बघायचं ठरलं.

काय केलं

सुरुवात लॉवेलच्या चर्चमधल्या विवाहनोंदीने केली. सरकारी नोंद इंग्रजी बोलणाऱ्या कारकुनाने ऐकून लिहिलेली. चर्चची नोंद फ्रेंच बोलणाऱ्या पाद्र्याने. लॉवेलच्या फ्रेंच भाषकांची स्वतंत्र पॅरिश 1868 मध्ये ओब्लेट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी सुरू केली होती. त्या वहीत वडील पिएर लाप्वाँत, आणि आई देमेरीझ रॉय. मारी नव्हे. बाप्तिस्म्याचं नाव अर्थातच मारी देमेरीझ असणार, आणि इंग्रज कारकुनाने पहिलाच शब्द उचललेला.

मॉन्ट्रियलकडच्या जोडप्यातली मारी देमेरीझ होती का? तिच्या सगळ्या मुलांचे बाप्तिस्मे काढले. ती कायम मारी लुईझ किंवा नुसती लुईझ. त्याच वहीत पुढे जुलै 1859 मध्ये एका दफनाची नोंद मिळाली: जोसेफ, वय पाच महिने, पिएर लाप्वाँत आणि लुईझ रॉय यांचा मुलगा. नणंदेच्या झाडातला पूर्वज पाळण्यातच गेला होता. दोन वर्षांनी त्यांना आणखी एक मुलगा झाला आणि त्याचंही नाव जोसेफ ठेवलं. तो मोठा होऊन मॉन्ट्रियलजवळच स्थायिक झाला, 1881 च्या जनगणनेत बायकोसह तिथेच आहे. म्हणजे ही वाट बंद.

नणंदेची प्रतिक्रिया इथे नोंदवण्यासारखी आहे. तिने वाद घालण्याऐवजी मुद्दा काढला: "ठीक आहे, हा आमचा नाही. पण मग आमचा कोणता? पिएर लाप्वाँत आणि देमेरीझ रॉय यांचं लग्न कुठे आहे?" ते खरोखर कुठेच मिळत नव्हतं. क्यूबेकमधल्या लग्नांच्या सूचीत या नावांचं जोडपंच नाही.

दुसरा निर्णयबिंदू हाच. लग्न न्यू ब्रन्सविक किंवा व्हरमाँटमध्ये झालं असेल असं मानून शोध बाहेर न्यायचा, की नाव वेगळ्या रूपात आहे असं धरून क्यूबेकमध्येच खोल जायचं? मी दुसऱ्या बाजूचा होतो. नवऱ्याचं आडनाव कोरं ठेवलं आणि फक्त बायकोवरून शोधलं: देमेरीझ रॉय, नवरा कुणीही पिएर, काळ 1845 ते 1860. शिवाय लाप्वाँत उपनाव लावणाऱ्या घराण्यांची यादी समोर ठेवली. आबे तांग्वे यांनी 1871 ते 1890 दरम्यान काढलेल्या सात खंडी वंशकोशापासून अशा याद्या उपलब्ध आहेत. बेलशास परगण्यातल्या एका पॅरिशमध्ये 1853 चं लग्न निघालं: पिएर ओदे आणि मारी देमेरीझ रॉय. बेलशास म्हणजे सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावर, ऑर्लेआँ बेटाच्या समोर. ओदे मंडळी बेटावर जमीन पुरेना तशी त्या तीरावर उतरली होती.

पण पिएर ओदे म्हणजेच पिएर लाप्वाँत हे अजून ठरायचं होतं. त्यासाठी एका मुलाची नोंद शोधून भागत नाही, सगळी भावंडं काढावी लागतात. पहिल्या तीन मुलांचे बाप्तिस्मे 'ओदे' नावाने. मग पाद्री बदलला. चौथा मुलगा, जोसेफ फिलेआस, जानेवारी 1860, 'ओदे ऊर्फ लाप्वाँत'. त्यापुढची सगळी नुसती 'लाप्वाँत'. आईवडील प्रत्येक ठिकाणी तेच, गाव तेच, धर्ममाता म्हणून रॉय घराण्यातल्या त्याच मावश्या. लॉवेलमध्ये जोसेफच्या थोरल्या मुलीची धर्ममाता होती एक रॉय, आणि मुलाचं मधलं नाव फिलेआस. घरात ते कुणालाच कळत नव्हतं कुठून आलं.

1900 च्या जनगणनेतला फेब्रुवारी 1859 आणि बाप्तिस्म्यातला जानेवारी 1860 यांत वर्षभराचा फरक राहतो. असा फरक जनगणनेत नेहमीचा, पण नणंद म्हणाली की आधीच्या जोसेफची तारीख तर तंतोतंत जुळत होती. तिचं बरोबर होतं. तारीख जुळणं हा पुरावा नाही म्हणायचं तर न जुळणाऱ्या तारखेकडेही डोळेझाक करता येत नाही. म्हणून नोटरीचे कागद काढायचं ठरलं.

इथे कायदा उपयोगी पडला. क्यूबेकमध्ये पॅरिसच्या रूढीनुसार नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असे, आणि बायको वारली की तिचा निम्मा हिस्सा मुलांकडे जाई. देमेरीझ 1878 मध्ये वारली. बाप शेती एका मुलाच्या नावे करणार तर बाकीच्या मुलांना आईच्या हिश्श्याचे पैसे देऊन त्यांच्याकडून नोटरीसमोर पावती घेणं भाग होतं. नोटरी आपल्या दस्तांची क्रमवार यादी ठेवत, त्या याद्या आज क्यूबेकच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात. त्या भागातल्या नोटरीची यादी वर्षावर्षाने खाली सरकवत गेलो. 1886 चा दस्त मिळाला. पैसे मिळाल्याची पावती देणारा: जोसेफ ओदे ऊर्फ लाप्वाँत, मजूर, सध्या मॅसॅच्युसेट्स संस्थानातल्या लॉवेल येथे राहणारा, मुखत्यारपत्राने त्याच्या वतीने त्याचा भाऊ. मुखत्यारपत्र दस्ताला जोडलेलं, लॉवेलमध्ये केलेलं, बायकोचं नाव माहेरच्या आडनावासह. 1884 च्या लग्नाशी ते शब्दशः जुळलं. नणंदेने तो कागद दोनदा वाचला आणि मग स्वतःच भिंतीवरची चौकट उतरवली.

मागची साखळी त्यामानाने सोपी गेली. मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या ऐतिहासिक लोकसंख्या प्रकल्पाने 1966 पासून जुन्या नोंदी कुटुंबवार जोडल्या आहेत, त्याचा मोठा आधार होता. तरीही एक पडताळणी हाताने केली. पिएर आणि देमेरीझच्या लग्नात 'तिसऱ्या पायरीच्या रक्तनात्याची सूट', म्हणजे नात्यात लग्न करायला चर्चची परवानगी, मिळाल्याची नोंद होती. चर्चच्या त्या वेळच्या मोजणीत याचा अर्थ दोघांचे खापरपणजोबा नव्हे, तर पणजोबा-पणजी एकच. म्हणजे आपली साखळी बरोबर असेल तर दोन्ही बाजूंनी तीन पिढ्या मागे गेल्यावर एकच जोडपं यायला हवं. आलं. पिएरच्या बापाकडून वर चढताना आणि देमेरीझच्या बापाच्या आईकडून वर चढताना 1760 च्या दशकातलं तेच ओदे जोडपं. ती आजी तिच्या स्वतःच्या लग्नात 'लाप्वाँत' म्हणून नोंदलेली होती, नाहीतर हे केव्हाच दिसलं असतं.

निष्पत्ती

1884 च्या लॉवेलमधल्या लग्नापासून आठ लग्नांची साखळी 15 सप्टेंबर 1670 पर्यंत जाते. त्या दिवशी ऑर्लेआँ बेटावर सेंत-फामी इथे निकोला ओदे ऊर्फ लाप्वाँत आणि मादलेन देप्रे यांचं लग्न झालं. निकोला प्वातू प्रांतातला. मादलेन 'राजाच्या मुलीं'पैकी एक. वसाहतीत बायका फार कमी म्हणून 1663 ते 1673 दरम्यान चौदाव्या लुईच्या खर्चाने पाठवलेल्या सुमारे आठशे तरुणींतली.

डीएनएमधले देझोतेल कुठून आले, याचाही उलगडा झाला. जोसेफची बायको मॉन्ट्रियलच्या बाजूची. तिच्या आईकडून देझोतेल रक्त घरात आलेलंच होतं. चाचणी खोटं बोलत नव्हती, फक्त कुठल्या बाजूने हे ती सांगत नव्हती.

फ्रान्सची सहल रद्द झाली, आगाऊ रकमेचा काही भाग बुडाला. त्याऐवजी घरचे सगळे गाडीने ऑर्लेआँ बेटावर जाऊन आले. लॉवेलहून तो एका दिवसाचा प्रवास आहे.

वेगळं काय करता आलं असतं

लॉवेलच्या चर्चची नोंद पहिल्या दिवशी पाहण्यासारखी होती, अगदी नणंदेने काम सुरू केलं तेव्हाच. अमेरिकेत गेलेल्या फ्रेंच कॅनेडियन माणसाच्या बाबतीत सरकारी नोंद मिळाली की चर्चची नोंद मागायचीच, कारण आईचं खरं नाव बहुतेक वेळा तिथेच असतं.

वाय चाचणी आपण टाळली, त्याबद्दल माझं मत अजून अर्धवट आहे. नोटरीचा दस्त मिळाला म्हणून निभावलं. तो मिळाला नसता, तर ओदे ही फक्त दाट शक्यता राहिली असती आणि मग चाचणीसाठी वडिलांचा नमुना घेणं तातडीचं ठरलं असतं. घरात ऐंशीच्या पुढचा पुरुषवंशातला माणूस असताना निदान नमुना घेऊन ठेवायला काय हरकत होती, हा सुनेचा प्रश्न रास्त आहे. नमुना नंतर घेतला. निकाल यायचा आहे.

भावंडांची पूर्ण यादी आधी आणि दस्त नंतर, हा क्रम मात्र मी बदलणार नाही. उलट क्रमाने गेलो असतो तर कुठल्या नोटरीची यादी चाळायची हेच कळलं नसतं.

जुनी चौकट फेकली नाही. नणंदेने तिच्यातला देझोतेलचा भाग जोसेफच्या बायकोच्या बाजूला हलवला आणि आता ती देमेरीझच्या रॉय घराण्यामागे लागली आहे. रॉय ऊर्फ देजार्दँ, रॉय ऊर्फ लोझिए, बेलशासचे निकोला लेरॉयचे वंशज: लग्नांच्या वह्या उघडण्याआधी तिने या सगळ्या घराण्यांची यादी लिहून काढली आहे, आणि पहिल्या नोंदीसमोर तिने स्वतः पाहिलेल्या मूळ पानाचा क्रमांक आहे.